सात केस खाली

गफूरचाचांच्या डाव्या कानात कायम अत्तराचा फाया असायचा. उजव्यात कधीच नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "चाचा, एकाच कानाचे का हो एवढे लाड?"

"डावा कान माझा हाय, बाई," ते म्हणाले. "उजवा धंद्याचा. धंद्याच्या कानात काय घालायचं नसतं."

त्यांचा धंदा हार्मोनियमचा. आमच्याकडे तिला पेटीच म्हणतात. जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन पेट्या आत ठेवल्या की गिऱ्हाईक बाहेर. पण जुन्नर-आंबेगावात पेटीचा सूर हलला, मग ती शाळेतली असो, भजनी मंडळाची असो, नारायणगावच्या तमाशातली असो नाहीतर आमच्या कळंबच्या विहारातली, चाचांच्या हाताखालून गेल्याशिवाय तिला कुणी नीट झाली म्हणत नसे. "चाचांनी ऐकली का?" एवढंच लोक विचारायचे. चाचांनी ऐकली म्हणजे झालं.

आता मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय खरी, पण ते माझ्या तोंडी कितपत शोभतं हे तुम्हीच ठरवा. मी त्या माणसाचं काय केलं ते सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. लाज वाटते म्हणून इतकी वर्षं गप्प बसले, आणि गप्प बसल्याची लाज त्याच्यावर आणखी चढली.

मी मंचरला टायपिंगचे वर्ग चालवायचे. पुढे त्यात चार कॉम्प्युटरही आणले. आमच्या ह्यांना गाण्याबजावण्याचा नाद, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. कॅसेटी जाऊन सीड्या यायला लागल्या तेव्हा ह्यांनी वर्गाच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ काढला. कॉम्प्युटरवर गाणी करायचं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी मिळवलं. ते चालवायचं मात्र माझ्या गळ्यात पडलं, कारण माउस हातात धरला की ह्यांना घाम फुटायचा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. महाळुंग्याला माझ्या माहेरी मावशी म्हणायची, हिला अंगाई म्हणू देऊ नका, झोपलेलं लेकरू उठंल. पण मशीन कळतं. आणि मशीन कळतं म्हणून माझा तोरा काय वर्णावा!

चाचा पहिल्यांदा आले ते ह्यांची जुनी पेटी बघायला. वर्गात सोळा पोरी एका वेळी टाइप करत होत्या, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. चाचा दारातच थांबले. पांढरा सदरा, मेंदीची दाढी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. डोळे मिटून उभे. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"खिडकीपासलं मशीन," ते डोळे न उघडता म्हणाले. "त्याचं एक अक्षर उशिरा पडतंय."

"तुम्ही पेटी बघा," मी म्हणाले. "मशिनी बघायला मी आहे."

माझं तोंड हे असं. ते नुसते हसले आणि मागच्या खोलीत गेले. वर्ग सुटल्यावर मी गुपचूप त्या मशीनवर जाऊन बसले. एका अक्षराचा दांडा किंचित वाकला होता. त्या मशीनवर बसणारी पोरगी महिनाभर माझी बोलणी खात होती. "बोटं झोपलीत का तुझी?" म्हणून मी तिला रोज झापायचे. दांडा मी सरळ केला. पोरीला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला चाचांनी दारातून फक्त विचारलं, "पडतंय का येळेवर?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

कामाला बसण्याआधी ते शेंगदाणे, फुटाणे, चिवडा काही खात नसत. दातांचा आवाज कानात राहतो म्हणायचे. एकदा मी आग्रहाने बटाटेवडा पुढे केला तर त्यांनी तो आधी वाकून पाहिला. "मऊ हाय ना?" पंखा बंद, ट्यूब बंद, कारण ट्यूबसुद्धा गुणगुणते. आम्हाला कधी ऐकू आली नाही ती. कुणी कितीही भसाडा गायला तरी 'बेसूर' हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. "सूर जरा लांब बसलाय," एवढंच म्हणायचे. जमलं की, "बसला जवळ."

पेटीच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना ते जीभ म्हणत. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. त्यांची बारीक कानस एकदा फिरायची आणि मग ते पाच-पाच मिनिटं नुसते ऐकत बसायचे. मला तर झोप यायची. "अहो चाचा, घासा की भराभर," मी म्हणायचे.

"घासलेलं पितळ परत येत नाय, बाई. ऐकायला काय जातंय?"

एका दुपारी ह्यांनी त्यांना कॉम्प्युटरमधली पेटी ऐकवली. कीबोर्डवर बोट ठेवायचं आणि स्पीकरमधून पेटी वाजायची. आम्हाला कोण कौतुक! चाचांनी एकेक सूर दाबून पाहिला.

"पेटी चांगली हाय," मग म्हणाले. "पर ही कुणाचीच नाय. बाजारातली नवी पेटी अशीच येती. सगळ्या सुरांत सारखं अंतर. कुणाच्याबी गळ्याला चालंल, बसायची कुणाच्याच नाय. मग मी तिला घासतो. ह्याला घासायचं कुठनं?"

"ह्यात घासायला काही नसतं, चाचा. ह्यात नुसते आकडे असतात."

"मग आकडे घासा की."

मला ते झोंबलं. मशीनमधलं काही मला येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. तीन दिवस मी त्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक मेनू उघडून पाहिला. सूर खालीवर करायची सोय कुठेच नव्हती. चौथ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक सेटिंगची फाइल दिसली, साध्या अक्षरांची. नोटपॅडमध्ये उघडली तर शे-सव्वाशे ओळी. बऱ्याचशा मेनूतल्याच होत्या, पण काही कुठल्याच मेनूत नव्हत्या. करणाऱ्याने त्या स्वतःपुरत्या ठेवल्या असणार. त्यातल्या एका ओळीत स्वल्पविराम देऊन बारा शून्यं होती. पेटीत सूरही बाराच. मी त्यातल्या एका शून्याचे पन्नास केले, फाइल सेव्ह केली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं आणि ह्यांना म्हटलं, वाजवा.

"अगं काय केलंस! मोडलीस ना पेटी!" हे ओरडले.

घासायची जागा सापडली होती.

मग आठ-दहा दुपारी चाचा जुन्नरहून एसटीने यायचे आणि मी आणि ते त्या ओळीला लागायचो. ते म्हणायचे, "गंधार केसभर खाली." मी म्हणायचे, "केसभर म्हणजे किती? मशीनला केस कळत नाही." शेवटी आमचं ठरलं, एक केस म्हणजे फाइलीतले दोन. मी आकडा टाकायचा, फाइल सेव्ह करायची, सॉफ्टवेअर बंद करायचं, परत उघडायचं. ती फाइल ते सुरू होतानाच वाचायचं, मध्ये नाही. उघडायला दोन-तीन मिनिटं लागायची, पडद्यावर निळी पट्टी हळूहळू सरकायची. चाचा म्हणायचे, "भाता भरतोय त्याचा, भरू द्या." मग ते एक सूर दाबायचे आणि डोळे मिटायचे. "अजून अर्धा केस." की पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझ्या तोंडून चिडून काय काय जायचं ते इथे लिहीत नाही. त्यांच्या कपाळावर कधी आठी नाही.

गंधार सात केस खाली आला, म्हणजे उणे चौदा. धैवत आठ केस. निषाद सहा. सगळं झाल्यावर चाचांनी एका बोटाने सावकाश वर जाऊन खाली येत वाजवलं. "बसली," म्हणाले. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काही म्हणजे काही फरक कळला नाही. मी फाइल फ्लॉपीवर उतरवून कपाटात टाकली.

त्या फाइलमध्ये काही ओळी सेमिकोलनने सुरू व्हायच्या. टायपिंगमध्ये उजवी करंगळी सेमिकोलनवरच बसवायची असते, पहिल्या दिवशीचा धडा. मी चाचांना सांगितलं, की ज्या ओळीच्या आधी हे चिन्ह असतं ती मशीन वाचत नाही, सोडून देतं. ती फक्त माणसासाठी.

त्यांना भारी गंमत वाटली. "म्हंजे मशीनच्या म्होरं बसून त्याला कळू न देता लिव्हायचं?"

"तसंच समजा."

"मग लिव्हा." आणि त्यांनी मला ओळी सांगितल्या. मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं. कुणाच्या गळ्यासाठी कुठला सूर किती हलवला, ते सगळं. शेवटची ओळ अशी होती: 'इथं हात लावण्याआधी विचारावं. गफूर, जुन्नर.'

हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं ते बबनराव निमगाव सावाचे. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. भीमगीतं गायचे, खडा आवाज, माइक नसला तरी चालायचं. स्वतः बांधलेल्या आठ गाण्यांची सीडी जयंतीच्या आत काढायची, हा त्यांचा हट्ट. गोधड्यांच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ते पहिलं गाणं गायले, आणि बाहेर येऊन चाचांचे हात धरले. "चाचा, आजपातूर हरेक पेटीनं मला कोपर मारलं. ही पयली पेटी माझ्या मांडीला मांडी लावून बसली राव." चाचा लाजले. खरंच लाजले, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. बबनरावांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणूनच साठवलेला होता. पेटी तशी नव्हती. कुठला सूर कधी दाबला एवढीच नोंद, आणि गाणं लावलं की त्या फाइलीतल्या आकड्यांवरून पेटीचा आवाज दरवेळी नव्याने तयार व्हायचा. आकडे बदलले की आधी झालेल्या गाण्यातली पेटीसुद्धा बदलणार. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

आठही गाणी झाली. शेवटची ऐकवणी जयंतीच्या पंधरा दिवस आधी ठरली. मध्ये मी पुण्याला गेले होते, तिथे एका ओळखीच्याने त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची सीडी दिली. हे म्हणाले, "जयंती होईपर्यंत मशीनला हात लावू नको." मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आणि ऐकवणीच्या सकाळी सीडी घातली. मध्येच काहीतरी प्रश्न आला, जुनी सेटिंग ठेवायची की नवी घालायची असा. मी वाचलाच नाही. बोटांना वेगाची सवय, एंटर दाबून मोकळी झाले. आणि वर्गात पोरींना मीच सांगायचे, वाचल्याशिवाय एंटर दाबाल तर याद राखा!

दुपारी बबनराव आले, त्यांच्याबरोबर निमगावची पाच-सहा मंडळी, चाचा, आणि आमचे हे. सगळे वर्गात बाकांवर बसले, स्पीकर तिथेच काढले होते. कॉम्प्युटर आत, गोधड्यांच्या खोलीत. मी आतून गाणं लावलं आणि दारात येऊन उभी राहिले. पहिलं कडवं झालं. मंडळी माना डोलावत होती. चाचा उठून उभे राहिले.

"बाई, पेटी हललीय."

"काय?"

"गंधार वर गेलाय. धैवतबी. ही मी लावलेली नाय."

बबनराव म्हणाले, "चाचा, मला तर झ्याक लागतंय." बाकीच्यांनाही नीट वाटत होतं. आमचे हे कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, पण एवढ्या जणांसमोर बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. परत लावलं. परत चाचा म्हणाले, हललीय. तिसऱ्यांदा लावलं. आता मंडळींत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी हळूच म्हणालं, "वय झालं म्हाताऱ्याचं." ते चाचांना ऐकू आलं. ट्यूबची गुणगुण ऐकणाऱ्याला ते ऐकू येणार नाही का?

मीही वर म्हणाले, "चाचा, मशीनमधले आकडे आपोआप हलत नाहीत. पितळ आहे का ते?"

"न्हाई ना हलत? मग ती फाइल उघडून बघा, बाई," ते म्हणाले. आवाज शांत होता. "तुमी बघून सांगा. तुमी सांगाल ते मी मानीन."

मी आत गेले. फाइल उघडली. बारा शून्यं. सेमिकोलनच्या ओळीसुद्धा गेल्या होत्या. सकाळचा तो एंटर माझ्या डोळ्यांसमोर आला. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं की चाचा, तुमचं खरं आहे, मी चुकले, फ्लॉपी कपाटात आहे, पाच मिनिटं द्या. पण बाहेर हे बसले होते, ज्यांना मी सकाळीच तोडून बोलले होते. निमगावची मंडळी बसली होती, जी मला मॅडम म्हणायची. वर्गाच्या पोरी खिडकीतून बघत होत्या.

मी दारात आले.

"बघितली का?" चाचा म्हणाले. "गंधार किती हाय?"

"सात केस खाली," मी म्हणाले. "जशीच्या तशी आहे, चाचा."

मेली जीभ झडली का नाही तेव्हा माझी!

चाचा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग त्यांनी करंगळी उजव्या कानात घालून हलवली, पोहून आलेला माणूस कानातलं पाणी काढतो तशी. "मग माझंच काय तरी झालं आसंल," ते म्हणाले, आणि बाकावर बसले. पुढची सात गाणी त्यांनी खाली मान घालून ऐकली. बबनरावांनी जाताना त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "व्हतं असं, चाचा. माझंबी गुडघं गेलं की." चांगला माणूस, चांगल्या मनाने म्हणाला.

सीडी तशीच निघाली. जयंतीला निमगावपासून कळंबपर्यंत वाजली. कुणाची काही तक्रार नाही. मी स्वतःला सांगितलं, बघ, कुणाला फरक कळला का? मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं? फ्लॉपी कपाटातच होती. एका दुपारचं काम होतं. मी ते कपाट उघडलं नाही.

चाचा पुन्हा आले नाहीत. मात्र 'चाचांचा कान गेला' हे वाक्य फिरायला लागलं. बबनरावांनी कुठेतरी हळहळून सांगितलं असेल, त्यांच्या बरोबरच्यांनी चवीने. मला ते मंचरच्या भाजीबाजारात ऐकू आलं. कळंबच्या विहारातली पेटी पुण्याला दुरुस्तीला पाठवायचं ठरत होतं, कुणी म्हणालं, "जुन्नरला नको आता, चाचांचा कान गेला." मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. आणि मी मान हलवली. हो, वय झालं त्यांचं, असं म्हणाले सुद्धा. पहिलं खोटं घाबरून बोलले म्हणावं, पण हे? हे भाजी घेता घेता बोलले.

सहा वर्षं गेली. टायपिंगला कुणी येईनासं झालं. वर्ग बंद केला तेव्हा कपाट रिकामं करताना ती फ्लॉपी हाताला लागली. फ्लॉपी चालेल असा एकच जुना कॉम्प्युटर उरला होता, त्यात घातली. उघडली. आकडे होते. सेमिकोलनच्या ओळीही होत्या, आणि शेवटची, 'इथं हात लावण्याआधी विचारावं. गफूर, जुन्नर.' मी खुर्चीत बसून रडले. कागदावर छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी जुन्नरची एसटी धरली. ह्यांना आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, "मला तेव्हा शंका आली होती गं." बस्स, एवढंच. दोघंही एकमेकांकडे बघू शकलो नाही.

दुकान तेच होतं. चाचा वाळले होते, दाढीची मेंदी जाऊन पांढरी झालेली. समोर कुठल्याशा मंडळाची पेटी उघडी पडली होती. तिच्याशेजारी पंज्याएवढं एक मशीन उभं केलेलं. सूर वाजवला की त्याचा काटा हलतो आणि मध्यावर आला की हिरवा दिवा लागतो. चाचा सूर दाबत होते आणि काट्याकडे बघत होते. ऐकत नव्हते, बघत होते. आणि त्यांच्या दोन्ही कानांत अत्तराचे फाये होते.

"या बाई," ते म्हणाले. जणू मी गेल्याच आठवड्यात भेटले होते. "पोरानं आणून दिलं हे. लई बेस हाय. खोटं बोलत नाय."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. नव्या आवृत्तीची सीडी, एंटर, बारा शून्यं, दारात येऊन काय म्हणाले ते. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मीच एकेक ओळ वाचून दाखवली. ते कागदावरून बोट फिरवत होते.

"म्हंजे त्या दिशी गंधार किती व्हता?"

"शून्य, चाचा. बाजारातल्या पेटीसारखा."

"म्हंजे मला ऐकू आलं ते खरं व्हतं?"

"खरं होतं. एकट्या तुम्हालाच ऐकू आलं होतं."

मी वाट बघत होते, शिव्या देतील, हाकलून देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते कागदाकडे बघत म्हणाले, "लोक पेट्या घिऊन यायचे, बाई. नंतरबी यायचे. मीच सांगायचो, आता पुण्याला न्या. माझ्या कानाचा भरवसा नाय ऱ्हायला. गळा लोकाचा, त्यो कशाला बिघडवायचा?"

मला वाटत होतं की लोकांनी त्यांना टाकलं. त्यांनीच लोकांना परत पाठवलं होतं, माझ्या शब्दावर.

मग त्यांनी ते मशीन बंद केलं. उजव्या कानातला फाया काढून फळीवर ठेवला. पेटीतल्या गंधाराच्या जिभेवर वाकले, बुडाशी कानस एकदा फिरवली, भाता मारून सूर दाबला आणि डोळे मिटले. गल्लीत मोटारसायकली जात होत्या, पलीकडे पत्रा ठोकत होते. ते ऐकत राहिले. पुन्हा एकदा कानस, पुन्हा ऐकणं. असं चार वेळा. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, बसला का?"

साऱ्या जुन्नर-आंबेगावाने ज्याला विचारावं तो माणूस मला विचारत होता. निदान आता तरी खोटं बोलणार नव्हते.

"मला नाही कळत, चाचा."

"मग कुणाला इचारू?"

त्यांनी दुकानात इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांचा हात मशीनकडे गेला. चालू केलं, सूर दाबला. हिरवा दिवा लागला नाही. काटा मध्यापासून डावीकडे सरकला, दहाची रेघ ओलांडून विसाच्या अलीकडे थांबला. मला सूर कळत नाही, पण आकडे कळतात. तो चौदावर होता.

"चाचा!" मी जवळजवळ ओरडले. "चौदा आहे! सात केस खाली, बरोबर सात केस! तुमचा कान होता तसा आहे, चाचा!"

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तवाबी तुमी सात केसच म्हनला व्हता, बाई," ते म्हणाले.

आणि कानस घेऊन, काटा मध्यावर आणायला, त्यांनी जिभेचं टोक घासायला सुरुवात केली.